केटामाइन दिलं आणि तरीही प्रेशर पडलं

मी भूलतज्ज्ञ. रात्री पावणेदोनला कॅज्युअल्टीतून फोन, पर्फोरेशनचा (जठराला किंवा आतड्याला भोक पडलेला) पेशंट आहे, लगेच ओटीत घेतोय. सत्तरी ओलांडलेले आजोबा, वजन अंदाजे 55 किलो, तीन दिवस पोटदुखी अंगावर काढलेली. पोट फळीसारखं कडक, हातपाय गार, पल्स 128, प्रेशर 92/58 आणि तेही दोन लिटर सलाईन गेल्यावर. मी विचारलं, आजोबा काय होतंय, तर हळूच म्हणाले, "थंडी वाजतेय गं."

पल्सला वरच्या प्रेशरने भागलं की जो आकडा येतो त्याला शॉक इंडेक्स म्हणतात (शॉक म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोचणं), धडधाकट माणसात तो 0.5 ते 0.7 असतो, यांचा जवळपास 1.4 होता. म्हणजे ते 92 खरं 92 नव्हतंच, शरीराने सगळ्या रक्तवाहिन्या आवळून, ॲड्रेनॅलिनचा साठा ओतून कसंबसं धरून ठेवलेलं प्रेशर होतं ते. आणि भूल दिली की पहिली ढिली पडते ती हीच पकड.

ज्युनिअरने सवयीने प्रोपोफॉल, नेहमीचं भुलीचं औषध, भरून ठेवलं होतं, ते मी बाजूला ठेवायला सांगितलं. प्रोपोफॉल शिरा आणि धमन्या दोन्ही सैल करतं, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, त्यात प्रेशर पडल्यावर पल्स वाढवायची शरीराची जी आपोआपची धडपड असते तीही ते दाबून टाकतं. तरुण पेशंटचं 120 चं 95 झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, पण इथे तेवढं पडायला जागाच नव्हती. इटोमिडेट हे दुसरं भुलीचं औषध हृदयाला सगळ्यात कमी धक्का देतं हे खरं, पण एका डोसनेही ॲड्रिनल ग्रंथीचं कॉर्टिसॉल (ताण सोसायला लागणारं हार्मोन) बनवणं काही तास मंदावतं आणि सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्या, पेशंटला ते द्यायला माझं मन होत नाही. मग राहिलं केटामाइन. ते सिम्पथेटिक सिस्टीमला, म्हणजे संकटात शरीराला जागं करणाऱ्या मज्जासंस्थेला, चेतवतं, पल्स वाढते, प्रेशर वाढतं, आम्ही सगळे हेच शिकलोय.

50 मिलिग्रॅम दिलं. तीस सेकंद झाले, आजोबांचे डोळे उघडेच. पोट भरलेलं, उलटी फुफ्फुसात जायची भीती, सर्जन हात धुऊन उभे, आणि मी अजून 30 मिलिग्रॅम ढकललं. ही माझी चूक होती आणि ती मला तेव्हाच कळायला हवी होती. पहिलं औषध कमी पडलं नव्हतं, ते अजून पोचलंच नव्हतं! हृदय कमी रक्त फेकत असेल तर हातातल्या शिरेतून मेंदूपर्यंत जायला औषधाला एरवीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, आणि शॉकमध्ये उरलेलं रक्त शरीर मुख्यतः मेंदू आणि हृदयाकडेच वळवतं, त्यामुळे उशिरा पोचलं तरी औषध तिथे जास्त जोरात लागतं. म्हणून डोसही कमी आणि वाट पाहणंही जास्त, दोन्ही एकदम.

स्नायू सैल करणारं रोक्युरोनियम दिलं, श्वासनळीत ट्यूब नीट पडली, व्हेंटिलेटर लावला आणि मॉनिटरवरचा कार्बन डायऑक्साइडचा आलेख 31 वरून 17 वर आला. मला वाटतं हा आकडा प्रेशरच्या आधी खरं सांगतो, कारण फुफ्फुसातून रक्तच कमी जात असेल तर कार्बन डायऑक्साइड बाहेर येणार कुठून. दंडावरचा प्रेशरचा पट्टा फुगतोय, सुटतोय, रीडिंग नाही. आर्टेरिअल लाईन (धमनीत टाकलेली, प्रेशर सतत दाखवणारी नळी) आधीच टाकली होती म्हणून वाचलो, तिथे 52/30.

केटामाइनची दुसरी बाजू ही. ते थेट हृदयाच्या स्नायूवर पाहिलं तर त्याचा जोर कमीच करतं, एरवी शरीरातलं नॉरॲड्रेनॅलिन, रक्तवाहिन्या आवळून प्रेशर वाढवणारं रसायन, ते झाकून टाकतं म्हणून दिसत नाही. आजोबांचा साठा तीन दिवसांत संपत आला होता, चेतवायला मागे काही उरलंच नव्हतं. वर व्हेंटिलेटरचा दाब छातीत, त्याने परत येणारं रक्त आणखी अडतं.

ॲड्रेनॅलिन पातळ करून तयार होतं, 1 मिलिलिटरमध्ये 10 मायक्रोग्रॅम. एक मिली, मग दोन मिली, नॉरॲड्रेनॅलिनचा पंप जोडला, व्हेंटिलेटरचा श्वास लहान केला, सलाईन दाबून सोडलं. चार मिनिटं लागली 90 वर यायला. त्या चार मिनिटांत ओटीत कुणीही बोललं नाही, सर्जनही चाकू न लावता थांबले, त्याबद्दल त्यांचे मी नंतर मनापासून आभार मानले. तिसऱ्या दिवशी आजोबांची ट्यूब निघाली.

नॉरॲड्रेनॅलिनची सिरिंज भरलेली होती हो, पंपात बसवलेली होती, फक्त सुरू नव्हती. मी "पडलं तर लावू" असं ठरवलं होतं. ज्याचा पल्सचा आकडा प्रेशरच्या आकड्याहून मोठा आहे त्याचं पडणारच आहे, मग वाट कसली बघायची? आता अशा पेशंटला पंप आधी चालू, नंतर भूल. बाकी घाई असली तरी हे नाही सोडायचं.

साधारण महिन्याने तोच ज्युनिअर, तसाच पेशंट, आतडं सडलेलं. पंप त्याने न सांगता आधी सुरू केला, केटामाइन 25 मिलिग्रॅम दिलं आणि हात सिरिंजवरून काढून घेतला. डोळे उघडेच. मी घड्याळाकडे बघत होते, पाऊण मिनिट, एक मिनिट, तो म्हणाला, "मॅडम, थांबू ना अजून?" म्हटलं, थांब. सव्वा मिनिटाला पापण्या मिटल्या. प्रेशर तरीही 78 पर्यंत उतरलंच, पंप थोडा वाढवला, दोन मिनिटांत 96.