पाण्याच्या दोन बाटल्या

गर्भाशयातली गाठ काढली, हिमोग्लोबिन वर आलं, सगळं होऊन आठ महिने झाले. तरी त्या सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरचा राग काही जात नाही. म्हणून लिहायला बसले.

मी 44 वर्षांची. राहायला कळव्याला, नोकरी ठाण्यात नौपाड्याला. त्या वर्षी गणपतीनंतर पाळीत अंगावरून इतकं जायला लागलं की दर दीड तासाला पॅड बदलावं लागे, दुसऱ्या दिवशी गुठळ्या. ऑफिसात उठलं की आधी मागे वळून खुर्ची बघायची, ही सवयच लागली. सासूबाई म्हणाल्या, "पाळी जायच्या आधी होतंच गं असं." जाऊबाईंनी त्यांच्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे धाडलं.

डॉक्टरांनी पाऊण तास नुसतं ऐकलं. तहान किती लागते, खारट आवडतं की गोड, भीती कशाची वाटते, स्वप्नं कसली पडतात. मला इतकं कोणी कधी विचारलं नव्हतं, मी चक्क रडले. शेवटी साबुदाण्यासारख्या गोळ्या आणि पुड्या दिल्या, आणि एका कागदावर लिहिलं: सीबीसी, टीएसएच (दोन्ही रक्ताच्या तपासण्या), सोनोग्राफी. "हे आठवड्याभरात करा. माझ्या गोळ्या सोबतीला आहेत, तपासणीच्या बदल्यात नाहीत."

तो कागद पर्समध्ये चार महिने राहिला. चूक माझीच. गोळ्या गोड होत्या, सुई नव्हती, आणि दर महिन्याला वाटायचं की या वेळी जरा कमी गेलं. नव्हतं गेलं. मी पॅड मोजतच नव्हते. तुम्ही मात्र मोजा, कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहा. डॉक्टरला 'खूप जातं' यापेक्षा 'दुसऱ्या दिवशी अकरा' हे लगेच कळतं.

पाचव्या खेपेला डॉक्टरांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि वही मिटली. "रिपोर्ट आणल्याशिवाय पुड्या नाहीत." दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. हिमोग्लोबिन 7.4. बायकांचं 12 च्या वर हवं. जिना चढताना धाप लागायची ती वजनामुळे, असं मी समजत होते.

आणि मग ते सेंटर. शनिवारी गेले. काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी दोन बोटांनी परत सरकवली. "होमिओपॅथीची चालत नाही. गायनॅकची आणा." फोन केला तेव्हा हे का नाही सांगितलं, असं विचारलं तर उत्तर, "तुम्ही विचारलं नाही." गायनॅक बाईंची वेळ मंगळवारची मिळाली. बुधवारी रजा टाकून परत तिथे. आता चिठ्ठीवर तारीख नाही! बाई घाईत विसरल्या होत्या. "कायदा आहे, मॅडम," असं म्हणत तिने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. गर्भलिंगनिदान केले जात नाही, 1994 चा कायदा, सगळं मान्य. कायदा हवाच. पण मी त्या क्षणी पाळीच्या तिसऱ्या दिवशी, काळी सलवार घालून, भिंतीला टेकून उभी होते. रिक्षाने बाईंकडे जाऊन तारीख घालून आणली. मग एक फॉर्म पुढे आला: मुलगे किती, मुली किती, त्यांची वयं. नंतर गायनॅक बाई हसून म्हणाल्या की तो गरोदर बायकांचा फॉर्म, तुमच्याकडून भरून घ्यायचं कारणच नव्हतं.

त्यानंतर पाणी. "लिटरभर प्या, लघवी रोखून धरा, डॉक्टर येतीलच." दोन बाटल्या प्यायले. डॉक्टर सव्वा तासाने आले. माझ्याआधी चार जणी, सगळ्यांची तीच गत, एकमेकींच्या नजरेला नजर देत नव्हतो. एक आजी उठून गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, "आता पुन्हा प्या." शेजारची मुलगी मोबाइलवर काहीतरी मजेशीर बघून हसली आणि लगेच गप्प झाली. कारण सगळ्यांना कळलं.

अखेर टेबलावर झोपले. डॉक्टरांनी पोटावर दोन मिनिटं यंत्र फिरवलं आणि म्हणाले, "नीट दिसत नाही, आतून करावं लागेल. लघवी करून या." आतून करायची तर मूत्राशय रिकामं लागतं! चिठ्ठीवर बाईंनी 'टीव्हीएस', म्हणजे आतून करायची सोनोग्राफी, असं लिहिलेलंच होतं. काउंटरवर कोणी वाचलंच नव्हतं.

पुढचं भराभर झालं. गर्भाशयाच्या आतल्या बाजूला 2 सेंटीमीटरची गाठ, सबम्युकस फायब्रॉइड. लहान असली तरी अस्तरातच डोकावत असल्यामुळे रक्त जास्त जातं. बाईंनी पाळीच्या दिवसांपुरत्या, रक्त कमी जावं म्हणून, ट्रानेक्झामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिल्या (आधी कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली होती का, हे विचारूनच, तुम्हाला नाही विचारलं तर स्वतः सांगा), लोहाचं सलाईन लावलं, आणि दीड महिन्याने दुर्बिणीने गाठ काढली. टाका नाही, सकाळी गेले, संध्याकाळी घरी. अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला होता, तोही नीट आला.

होमिओपॅथीचं विचाराल तर रक्त तिने थांबलं नाही, हे मी स्पष्ट सांगते. शेवटच्या पुड्या 'चायना 30' च्या होत्या. सिंकोनाच्या सालीपासून केलेलं औषध, रक्त गेल्यावरच्या अशक्तपणासाठी देतात म्हणे. बारावीतल्या माझ्या लेकाने वहीत हिशेब मांडला: एकास शंभर, असं 30 वेळा पातळ. "आई, बाराव्या खेपेनंतर मूळ औषधाचा एक रेणूसुद्धा उरत नाही." मी त्याला म्हटलं, असू दे, झोप तरी लागते ना. ती लागायची, खोटं का बोलू. गोळ्यांनी की त्या पाऊण तासाने, देव जाणे. आणि मला अडवून तपासणीला पाठवणारे तेच डॉक्टर होते, हे विसरत नाही.

लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. शौचाला काळं होतं, घाबरू नका. हे आधी लिहायचं राहिलं.

सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी होती. या वेळी दुसरं सेंटर, तलावपाळीजवळचं. फोनवरच विचारलं, "पोटावरून की आतून?" पलीकडून मुलगी म्हणाली, "चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा ना." मी वाचून दाखवलं. "मग पाणी नका पिऊ."

बाटली तरी पर्समध्ये टाकलीच होती मी. बंद झाकणाची घरी परत आणली.