तुम्ही विचारलंत म्हणून: स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत घर घेऊ का?

बदलापूरला राहायला येऊन मला बरीच वर्षं झाली. रोजचा प्रवास दादरपर्यंतचा, आणि आमच्या सोसायटीची सेक्रेटरीही मीच. त्यामुळे ऑफिसातल्या मुली, नात्यातली नवी जोडपी, लेडीज डब्यातल्या मैत्रिणी सगळ्या एकच प्रश्न घेऊन येतात: "ताई, स्टेशनपासून पाच मिनिटांवर नवीन प्रोजेक्ट आलाय. बुक करू का?" प्रत्येकीला तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढते.

नोकरी मुंबईत असेल आणि प्रवास लोकलचाच असेल तर स्टेशनजवळ घर घ्यावं, यात मला शंका नाही. शेअर रिक्षाची रांग, पावसातला चिखल, रात्री साडेदहाला एकटीनं परतणं, या सगळ्यातून सुटका होते, आणि बाईच्या आयुष्यात ही सुटका फार मोठी असते. पण सॅम्पल फ्लॅट बघायच्या आधी तुमची गाडी बघा. ती कुठून सुटते, तुमच्या स्टेशनवर येते तेव्हा किती भरलेली असते आणि ती चुकली तर पुढची किती वेळानं आहे, हे कळल्याशिवाय "पाच मिनिटांवर" या शब्दाला काही किंमत नाही.

ती पाच मिनिटं कुठून कुठे मोजली, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं. मोठ्या संकुलात आतल्या टॉवरपासून मुख्य गेटपर्यंत येण्यातच दोन-तीन मिनिटं जातात. सकाळी लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते. घर पूर्वेला असेल आणि गाडी पलीकडच्या प्लॅटफॉर्मला लागत असेल तर ब्रिजवरची गर्दी धरा. साइट बघायला जाल तेव्हा बिल्डरचा माणूस स्टेशनवर गाडी घेऊन येतो. त्या गाडीत बसू नका, चालत जा. तेही रविवारी दुपारी नाही, कामाच्या दिवशी सकाळी, आणि पुन्हा एकदा रात्री दहानंतर. रस्त्यावर दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का, फुटपाथ मधेच संपतो का, हे तेव्हाच कळतं.

आता गाडीचं. मध्य रेल्वेवर कल्याणपर्यंत एक हिशोब आहे आणि कल्याणच्या पुढे दुसरा. ठाणे ते कल्याण आता सहा मार्ग आहेत. ठाणे ते दिवा हा त्यातला रखडलेला पाचवा-सहावा मार्ग फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. कल्याणच्या पुढे कर्जतकडे मात्र वर्षानुवर्षं दोनच मार्ग आहेत, आणि त्याच दोन रुळांवरून लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या जातात. बदलापूरपर्यंत तिसरा-चौथा मार्ग टाकायचं काम हाती घेतलंय, पण ते पूर्ण होऊन जादा गाड्या धावेपर्यंत आमची स्थिती बदलत नाही. म्हणून वांगणी, शेलू, नेरळकडे घर स्वस्त मिळतं तेव्हा आधी समजून घ्या की तिथे फक्त कर्जत-खोपोलीच्या गाड्या थांबतात. बदलापूर, अंबरनाथ लोकल तिथपर्यंत येतच नाहीत. एक गाडी गेली की बराच वेळ प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं. ऑफिसात कार्ड पंच करायचं असेल तर घर स्टेशनला चिकटून असलं तरी तुमचा दिवस त्या एका गाडीला बांधलेला असतो.

बदलापूरहून गाडी सुटते, म्हणून बसायला मिळतं, असं बरेच जण धरून चालतात. तसं आता राहिलेलं नाही. अंबरनाथच्या बायका उलट दिशेनं बदलापूरला येतात आणि त्याच गाडीत बसून परत निघतात. याला आम्ही 'डाउन करणं' म्हणतो. बदलापूरला रांगेत उभी असलेली बाई डब्यात शिरते तेव्हा खिडक्या भरलेल्या असतात, आणि सकाळी सकाळी भांडणं सुरू होतात. मला यात कुणाचीच चूक दिसत नाही. गुडघे दुखत असताना, पोटात बाळ असताना दीड तास उभं राहणं ज्यांना शक्य नाही, त्या डाउन करणारच. दोष आहे तो गाड्या आणि माणसं यांच्या न जुळणाऱ्या हिशोबाचा.

हा हिशोब कुणी करत नाही, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. इमारतीला परवानगी नगरपरिषद किंवा महापालिका देते. गाड्या रेल्वे सोडते. तीनशे घरांच्या संकुलाला मंजुरी देताना पाणी, अग्निशमन, पार्किंग यांचा निदान कागदावर तरी विचार होतो. पण त्या तीनशे घरांतली किती माणसं सकाळी सात ते नऊमध्ये कुठल्या गाडीत चढणार, हा प्रश्न मंजुरीच्या कुठल्याही रकान्यात नाही. २००१च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या एक लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. त्यानंतर जनगणना झालेली नाही, पण टॉवर उभे राहायचे थांबले नाहीत. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दोन लोकल शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यातले काही जण गेले. एक गाडी कसारा मार्गावरची होती, दुसरी कर्जत मार्गावरची. दोन्ही आमच्याच बाजूच्या. आपोआप बंद होणाऱ्या दारांची चर्चा त्यानंतर पुन्हा सुरू झाली. दारं बंद झालीच पाहिजेत, पण बाहेर लटकणारी ती माणसं मग कुठे उभी राहणार, याचं उत्तर जादा गाड्यांतच आहे.

हे वेगळ्या पद्धतीनं होऊ शकतं, हे नवी मुंबईनं दाखवलंय. तिथे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीनं रेल्वेमार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा उचलला, रेल्वेनं ३३ टक्के. शहर आखणारा आणि रुळांसाठी पैसे देणारा एकच असल्यामुळे वाशी, बेलापूरसारख्या स्टेशनांवर कार्यालयं आली, बाहेर मोकळं आवार आलं, रिक्षा-बसला जागा राहिली. आता खारघर, मानसरोवर, खांदेश्वर इथे सिडकोनं स्टेशनच्या आवारालगतच घरांचे प्रकल्प घेतलेत. अर्थात तिथेही डोळे उघडे ठेवूनच जावं लागतं. खारकोपर ते उरण रेल्वे १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाली, सुंदर मोठी स्टेशनं झाली, पण सुरुवातीला गाडी जवळजवळ तासातासानं होती. त्या मार्गावर घर बघत असाल तर आजचं वेळापत्रक हातात घेऊन बसा.

"स्टेशन होणार आहे" या वाक्यावर पैसे देऊ नका, असं मी सगळ्यांना कळकळीनं सांगते. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशन व्हायचंय, हे आम्ही कित्येक वर्षं ऐकतोय, आणि त्या नावावर आजूबाजूच्या जागेचे भाव चढत राहिलेत. पनवेल-कर्जत नव्या उपनगरी मार्गाचं काम जसजसं पुढे सरकलंय तसतसा चौक, मोहपेकडच्या प्लॉटचा आणि फ्लॅटचा प्रचार वाढलाय. हा मार्ग खरा आहे, त्याचा फायदाही होईल. पण ऐरोलीजवळचं दिघा गाव स्टेशन आठवा. बांधून तयार होतं, तरी उद्‌घाटनाअभावी महिनोन् महिने बंद राहिलं, आणि अखेर जानेवारी २०२४ मध्ये उघडलं. तयार स्टेशनची ही कथा, तर नकाशावरच्या स्टेशनच्या भरवशावर तुम्ही घरभाडं आणि हप्ता एकाच वेळी किती वर्षं भरणार?

कागदपत्रांबद्दल थोडं लांबण लागेल, पण वाचा. महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नंबर आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजून अनेक जण निवांत होतात. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या पाडायचे आदेश दिले. तिथे राहणाऱ्यांकडे नोंदणी झालेले करार होते, अनेकांकडे बँकेचं कर्ज होतं, घरात देव्हारा मांडलेला होता. नालासोपाऱ्यात कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जागेवरच्या ४१ इमारतींचं काय झालं, तेही आपण बघितलं. जानेवारी २०२५ मध्ये शेवटची इमारत पडेपर्यंत माणसं रस्त्यावर सामान घेऊन बसली होती. बँकेनं कर्ज मंजूर केलं म्हणजे इमारत अधिकृत, ही समजूत मनातून काढून टाका.

म्हणून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत बिल्डरकडून घ्या आणि ती घेऊन स्वतः नगररचना विभागात जा. हे प्रमाणपत्र तुमच्याच कार्यालयानं दिलंय का, आणि किती मजल्यांपर्यंत, एवढंच विचारा. गरज पडली तर माहितीच्या अधिकारात लेखी मागा. बारा मजल्यांची परवानगी आणि अठरा मजल्यांची विक्री, हे मी माझ्या डोळ्यांनी कागदावर पाहिलंय. रुळांना अगदी लागून असलेली इमारत असेल तर रेल्वेचं ना हरकत प्रमाणपत्रही मागा. आणि नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला मागताच येत नाही, हे कायद्यात आहे. "आज अर्धे भरा, करार दिवाळीनंतर करू" म्हणणाऱ्याच्या ऑफिसातून उठून या.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट बघावीच लागते, ती म्हणजे उल्हास नदी. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. ते पाणी फक्त रुळांवर नव्हतं, आसपासच्या वस्त्यांतही शिरलं होतं. आज त्याच पट्ट्यात "रिव्हर व्ह्यू" म्हणून घरं विकली जातात. पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या नदीच्या निळ्या आणि लाल पूररेषा नकाशावर आखलेल्या असतात. तुमचा सर्व्हे नंबर त्यांच्या कुठल्या बाजूला येतो ते विचारा, आणि मग शेजारच्या जुन्या चाळीत जाऊन २००५ ला आणि २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं तेही विचारा. तिथली माणसं भिंतीवरची खूण दाखवतात.

पिण्याच्या पाण्याचंही तसंच. ब्रोशरमध्ये पोहण्याचा तलाव असतो, पण महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं कनेक्शन मिळालंय का, आणि किती घरांसाठी, याचं उत्तर सहज मिळत नाही. जवळच्याच चार-पाच वर्षांच्या इमारतीत जाऊन वॉचमनला विचारा की महिन्याला किती टँकर येतात. टँकरचा खर्च शेवटी मेंटेनन्सच्या बिलातून तुमच्याकडेच येतो.

पैशांचं एकच सांगते. चालू बांधकामात घर घेतलंत तर जीएसटी लागतो: चटई क्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर एक टक्का, नाहीतर पाच टक्के. इमारत राहायला योग्य असल्याचं भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घेतलेल्या घराला तो लागत नाही. मुद्रांक शुल्क वेगळं, आणि घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर त्यात एक टक्का सवलत आहे. नवराबायकोनं हे आधी बोलून घ्यावं.

मला विचाराल तर आधी त्याच स्टेशनला भाड्यानं राहून बघा, आणि त्यात एक जुलै महिना येऊ द्या. माझ्या भाचीनं तसं केलं. पश्चिमेला नवं मोठं संकुल तिला फार आवडलं होतं. त्याच्या जवळच ती आणि तिचा नवरा भाड्यानं राहिले. पावसाळ्यात स्टेशनकडे जाणारा रस्ता तुंबायचा, टँकर उशिरा यायचा आणि रात्री रिक्षावाले तिकडे यायला तयार नसायचे. मग तिनं पूर्वेला एका दहा-बारा वर्षांच्या सात मजली इमारतीत आधीच्या मालकाकडून घर घेतलं. तिथे क्लबहाऊस नाही, गच्चीवर बाग नाही. पण भोगवटा प्रमाणपत्र आहे, सोसायटी नोंदलेली आहे, जमिनीचं अभिहस्तांतरण झालेलं आहे, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे, आणि खाली उतरलं की ब्रिज न चढता ती प्लॅटफॉर्मवर पोचते. सकाळी गाडीत ती कधी बसते, कधी उभी राहते, पण वेळेवर पोचते.

तुम्ही एखादी इमारत बघून ठेवली असेल तर रविवारी सकाळी मी घरीच असते. कागद घेऊन या, आपण बसून वाचू. फक्त टोकनचे पैसे देण्याआधी या.