वेल्ह्याच्या रानात दोन दिवस: बुशक्राफ्ट वर्कशॉपला जाणार असाल तर आधी हे वाचा

जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी मी आणि माझा मित्र वेल्ह्याजवळ बुशक्राफ्टच्या, म्हणजे रानात कमीत कमी सामानात राहायच्या कलेच्या, वर्कशॉपला जाऊन आलो. ऑफिसात सांगितलं की काडेपेटीशिवाय जाळ करायला शिकणार आहे, तर एक जण म्हणाला, मग पैसे कशाला भरतोस, काडेपेटी घेऊन जा की. पुणेकरच तो.

जायचं कसं तर स्वारगेटहून एसटी आहे पण गाड्या मोजक्या, सामान जास्त असेल तर आपली गाडी बरी. सातारा रोडने गेलात तर खेड शिवापूरचा टोल भरून पुढे चेलाडी फाट्याला उजवीकडे. आम्ही खडकवासला, खानापूर, पाबे घाट असे गेलो, टोल नाही आणि घाटातून राजगड-तोरणा दोन्ही दिसतात. वळणं मात्र जोरदार आहेत, रात्री पहिल्यांदा जाणाऱ्याने या रस्त्याच्या नादी लागू नये.

पैसे भरायच्या आधी एकच विचारा, जागा कुणाची आहे. राखीव जंगलात आग पेटवणं हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, आणि जानेवारीपासून गवत इतकं वाळलेलं असतं की एक ठिणगी उडाली तर वणवा. आमचं सगळं एका काकांच्या भातखाचरात होतं, कापणी झालेली, चुलीभोवतीचं गवत खरवडून काढलेलं, शेजारी पाण्याचे दोन हंडे भरून.

आता जाळाचं. सगळे त्यासाठीच आलेले, मोबाईल काढून तयार. धनुष्यासारख्या काठीची दोरी एका उभ्या काठीला गुंडाळायची आणि ती काठी खालच्या फळीवर घुसळायची, आपल्याकडे यज्ञाला अरणी मंथन करतात त्यातलाच प्रकार. फळीला कडेला खाच पाडतात, घासून पडणारी काळी पूड तिच्यात साठते आणि त्या पुडीचाच निखारा होतो. मी तासभर घुसळलं, धूर भरपूर, निखारा शून्य, तळहाताला दोन फोड. चूक कळली ती नंतर, माझी पूड तपकिरी पडत होती म्हणजे जोर कमी, आणि खाच इतकी अरुंद की पूड साचायला जागाच नाही. फेरो रॉडने (घासली की ठिणग्या पाडणारी धातूची कांडी) मात्र सावरीच्या कापसावर तिसऱ्या ठिणगीला पेट घेतला पण तो कापूस भुर्रकन संपतो, त्याखाली कुस्करलेला नारळाचा काथ्या हवाच. आणि गाठी न फोडलेला बांबू किंवा नदीतला ओला दगड जाळात घालू नका, आतल्या वाफेने फुटतात.

सरपण गोळा करताना मित्राने हौसेने एक वेल ओढली, ती निघाली खाजकुइली. या दिवसांत तिच्या शेंगा वाळलेल्या असतात आणि अंगावरची कुसं नुसत्या वाऱ्याने पण उडतात. हा बिचारा हाताने चोळत बसला तर आणखी पसरलं. काकूंनी शेण आणून दिलं, लावा म्हणाल्या, वाळलं की खरवडून काढा. आयटीतला माणूस कोपरापर्यंत शेण लावून तासभर उभा होता, आणि फरक पडला खरंच. तर फुलबाह्यांचा शर्ट घाला आणि ओळखीची नसलेली वेल ओढू नका.

माझ्या मते जाळापेक्षा कामाचं शिक्षण गाठींचं. ताडपत्री ताणायला दोनच गाठी लागल्या, एक झाडाला आणि एक खुंटीला, दोर सैल-घट्ट करता येणारी. रात्री दव इतकं पडलं की उघड्यावर ठेवलेले बूट सकाळी ओले. पण थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते, हे पहाटे तीनला समजलं, मग उठून काकांच्या गंजीतला पेंढा हातभर जाड अंथरला (सकाळी सांगितलं त्यांना, हसले). हे झोपायच्या आधीच करा.

ध्रुवतारा शोधताना मान फार वर करू नका, पुण्याच्या अक्षांशावरून तो क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंशच वर असतो, म्हणजे हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली की जेमतेम तितकंच. जानेवारीत संध्याकाळी सप्तर्षी उगवलेले नसतात, शर्मिष्ठा या तारकासमूहावरून शोधावा लागतो.

सामान ऑनलाइन मागवायच्या भानगडीत पडू नका, ताडपत्री आणि दोरी रविवार पेठेत बोहरी आळीत मिळते. चाकू साधाच पण धार चांगली हवी, बोथट चाकूला जोर जास्त लावावा लागतो म्हणून तोच सटकून हात कापतो. झऱ्याचं पाणी फडक्यातून गाळलं की झालं असं समजू नका, खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर तरी उकळू द्या.

घरी आल्यावर सॅक आणि कपडे आधी बाहेर झटका. मित्राचं जॅकेट अजून बाल्कनीत टांगलंय, वहिनी घरात घेऊ देत नाहीत.