तुम्ही विचारलंत म्हणून: मला शिराझ का चालत नाही

महिन्यातून एकदा आमच्या गच्चीवर आम्ही पाच-सहा जण जमतो, प्रत्येकाने नाशिकच्या वाईनची एक बाटली आणायची, चाखायची आणि मनात येईल ते बोलायचं, एवढाच नियम. आणि दर वेळी कुणीतरी विचारतंच, 'अरे तू निफाडचा, घरची द्राक्षबाग, मग शिराझची रेड वाईन आली की तोंड वाकडं का करतोस?' इतकी वर्षं 'नाही आवडत बुवा' म्हणून भजीची प्लेट पुढे सरकवतोय. आता एकदाच लिहून टाकतो, परत विचारू नका.

मी नाशिकच्या वाईनला नावं ठेवणाऱ्यांतला नाही हं. शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाईन नीट गार असेल आणि सोबत गरम कांदाभजी, तर मला दुसरं काही नको. पिकल्या पेरूचा वास, शेवटी किंचित गोडसर, घाबरणाऱ्या पाहुण्याला पहिल्यांदा हीच द्यावी. सॉव्हिन्यॉन ब्लाँ, हीसुद्धा व्हाइटच, म्हणजे कैरी आणि नुकती चिरलेली ढोबळी मिरची. साबुदाणा वड्याच्या चटणीपुढे ती हरते, पण मजा येते. रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, मी उन्हाळ्यात बर्फ घालून पितो, हो बर्फ, कोणाला हसायचं तर हसा.

शिराझला मात्र मला जळक्या रबराचा वास येतो. कायम. पूर्वी मी याचं कारण फार ऐटीत सांगायचो, की आपल्याकडे फेब्रुवारी सरताना ऊन चढतं, साखर भराभर वाढते आणि साल-बी पिकायची मागे राहते, म्हणून आपली रेड अशी लागते. लोक माना डोलवायचे. ते अगदीच खोटं होतं असं नाही, पण मी ते का सांगायचो ते वेगळं.

२००६ ला नानांनी, म्हणजे वडिलांनी, दोन एकर थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, काढून वाईनची शिराझ लावली. सरकारचं २००१ चं धोरण आल्यापासून नाशकात जिकडे तिकडे वायनरीचंच बोलणं होतं, आणि आमच्याकडे एका वायनरीचा करार होता, किलोला ३५ रुपये. पहिले दोन हंगाम पैसे वेळेवर आले, ते कबूल करायला हवं.

२०१० चा फेब्रुवारी. नाना रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायची नळी, घेऊन बागेत. मणी चिमटीत दाबायचा, थेंब काचेवर, एक डोळा मिटून उजेडाकडे धरायचं. उरलेला मणी तोंडात आणि बी दाढेखाली. बी कुडकुडली की माल तयार. बोटं काळी-जांभळी, साबणाने न निघणारी. साखर २४ ब्रिक्स (ते साखरेचं माप) झाली की तोडायचं ठरलं होतं, २४ आली, फोन केला तर 'उद्या गाडी पाठवतो'. त्या उद्याचे बारा दिवस झाले. माल थंड असताना तोडायचा म्हणून पहाटे चारला बायका सांगितलेल्या, त्या तीनदा येऊन परत गेल्या, हजेरी द्यावीच लागली. मणी सुकायला लागले, गांधीलमाश्या आल्या.

शेवटी आम्ही दोघं वायनरीत गेलो. साहेब म्हणाले, टाक्या भरलेल्यात, मंदी, त्यात मुंबईचा हल्ला, हॉटेलांनी माल उचलला नाही, नवा रस ठेवू कुठे? खरं होतं, मी टाक्या पाहिल्या. मग त्यांनी करार काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं, कंपनीच्या क्षमतेनुसार माल उचलला जाईल. करार इंग्रजीत होता. नानांना वाचून दाखवणारा मीच. ती ओळ मी वाचली होती आणि सांगितली नव्हती, कारण मला वाटलं अशा ओळी असतातच. नाना माझ्याकडे बघतील म्हणून मी पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसलो. ते बघितले की नाही, मला आजही माहीत नाही.

वाटाण्याएवढा मणी, जाड साल, आत बिया, मार्केटला कोण घेणार? थोडा माल रसवाल्याने सहा रुपयांनी नेला, बाकीचा वेलीखालीच आंबला. एप्रिलात नेहमीच्या खरड छाटणीऐवजी जेसीबी आला. वेल बांधावर ओढून पेटवले, ठिबकच्या नळ्या अडकलेल्या त्यापण जळाल्या, दोन दिवस धूर होता.

आता बोला, तो वास बाटलीतला की बांधावरचा?

मित्रांनी मागे परीक्षा घेतली. तीन बाटल्या पेपरात गुंडाळल्या, त्यातल्या दोन मला जळक्या लागल्या. एक शिराझ निघाली, दुसरी टेंप्रानियो, म्हणजे वेगळ्याच द्राक्षाची रेड. म्हणजे पास का नापास? एक जण म्हणाला, तुझा राग आहे, जीभ नाही. असेल. पण मग टेंप्रानियोवर माझा कसला राग?

नाना गच्चीवर एकदाच आले होते. त्यांना शिराझचा घोट दिला, मी नाही, मित्राने. त्यांनी तो तोंडात फिरवला, गिळला, ग्लास उजेडाकडे धरून एक डोळा मिटला आणि म्हणाले, "अरे, साखर कुठं गेली सगळी?"