मुका मार उतरणीला लागायला हवा होता

रुग्ण पस्तिशीचा, दुचाकीवरून पडलेला. डाव्या बाजूच्या चौथ्या ते आठव्या बरगड्या मोडलेल्या, त्याच बाजूला छातीत हवा आणि रक्त, उजवी मांडी मधोमध मोडलेली. ताप नाही, खोकला नाही. सॅच्युरेशन ८८. साल २०२१, कोविडची साथ जोरात आणि लस झालेली नाही.

रॅपिड अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली. ती पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवावा. लक्षणं नसताना निगेटिव्ह आली तर त्यावर विसंबू नये. आरटीपीसीआरचा नमुना पाठवला आणि अहवाल येईपर्यंत तो बाधितच आहे असं धरून एन-९५, गाऊन, फेसशील्ड घालून काम सुरू केलं. जीव वाचवणारी कुठलीही गोष्ट मात्र अहवालासाठी थांबवली नाही.

छातीतली हवा आणि रक्त काढायला २८ नंबरची नळी घातली. फुप्फुसाचं आवरण उघडताना दाबाखालची हवा आणि रक्त जोरात बाहेर उडतं, म्हणून नळीचं बाहेरचं टोक आधीच चिमट्याने बंद केलं, पाण्याच्या बाटलीला जोडल्यावरच चिमटा काढला आणि सक्शनच्या तोंडाला व्हायरल फिल्टर लावला. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम १० मिनिटांत, पुढचा १ ग्रॅम ८ तासांत. कोविडमध्ये रक्ताच्या गुठळ्या होतात, मग हे औषध द्यावं का, असा प्रश्न तेव्हा सगळीकडे विचारला जायचा. अपघातानंतरच्या पहिल्या ३ तासांत वाहणारं रक्त आधी मारतं, द्यायलाच हवं.

सीटीत डाव्या फुप्फुसात मोडक्या बरगड्यांखाली पांढरा डाग होता, म्हणजे मुका मार. तो जिथे धक्का बसला तिथेच उमटतो, फुप्फुसाच्या भागांच्या सीमा पाळत नाही. पण उजवीकडे, मागे आणि खाली, कडेला चिकटून दोन-तीन धूसर ठिपके होते. उजव्या बाजूला मारच नव्हता.

त्या ठिपक्यांमुळे मांडीचा निर्णय बदलला. अशा हाडात जोडणीसाठी धातूचा रॉड घालताना आतली पोकळी रीम करावी, म्हणजे कोरून रुंद करावी लागते आणि त्या दाबाने मज्जा व चरबी शिरांमधून थेट फुप्फुसांत जाते. निरोगी फुप्फुस ते सोसतं. इथे एक फुप्फुस दुखावलेलं आणि दुसऱ्यात कोविडची शंका. म्हणून फक्त एक्सटर्नल फिक्सेटर, म्हणजे हाडात पिना घालून बाहेरून दांड्यांनी धरणारी चौकट, लावायचं ठरलं. मांडीच्या नसेला ब्लॉक देऊन कुशीवर वळवलं आणि पाठीतून भूल दिली, म्हणजे घशात नळी टाळता आली. रक्तदाब स्थिर होता आणि रक्त पातळ करणारं इंजेक्शन अजून सुरू केलेलं नव्हतं, म्हणूनच हे शक्य झालं. फिक्सेटरचे दांडे मुद्दाम मांडीच्या बाहेरच्या अंगाला ठेवले. ऑक्सिजन सुधारण्यासाठी पुढे पालथं झोपवायची वेळ आलीच, तर समोरचे दांडे आडवे आले असते.

दुसऱ्या दिवशी अहवाल पॉझिटिव्ह.

खरी कसोटी चौथ्या दिवशी लागली. मुका मार पहिले दोन-तीन दिवस वाढतो आणि मग उतरणीला लागतो. याची ऑक्सिजनची गरज मात्र मिनिटाला ४ लिटरवरून १० वर गेली. अशा वेळी संशयित चार: छातीत साठून राहिलेलं रक्त, चरबीचं एम्बोलिझम (मोडक्या हाडातली चरबी फुप्फुसात अडकणं), फुप्फुसातली रक्ताची गुठळी आणि कोविडचा न्यूमोनिया. नळी वाहती होती आणि सोनोग्राफीत साठा दिसला नाही. चरबीचं एम्बोलिझम बहुधा २४ ते ७२ तासांत येतं. गोंधळलेपण आणि काखेत किंवा डोळ्यांत बारीक लाल ठिपके शोधले, नव्हते. डी-डायमर (गुठळीची शंका देणारी रक्तातली खूण) पाठवण्यात अर्थ नव्हता, मोडलेलं हाडच तो कित्येक पट वाढवतं. शरीरातली सूज दाखवणाऱ्या सीआरपीचंही तेच. म्हणून थेट शिरेतून रंगद्रव्य देऊन कॉन्ट्रास्ट सीटी केलं. गुठळी नाही, डावा डाग आकसलेला, उजवे ठिपके पसरून दोन्ही बाजूंना आलेले. आता आजार कोविडचा होता.

ऑक्सिजन लागत असल्याने डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम सुरू केलं, जास्तीत जास्त १० दिवसांसाठी. साखर दर ६ तासांनी तपासली आणि पिनांच्या जागा रोज, कारण स्टेरॉइड ताप झाकतं आणि पू उशिरा कळतो. हिमोग्लोबिन २४ तास स्थिर राहिल्यावरच रक्त पातळ करणारं एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम रोज सुरू केलं होतं. ते वाढवलं नाही. गुठळी सापडलेली नसताना पूर्ण डोस दिला, तर ताज्या जखमेच्या फुप्फुसातून पुन्हा रक्त यायची भीती.

दुखणं थांबवणं हे मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. पाच बरगड्या मोडलेला माणूस खोकत नाही, श्वास वरवरचा घेतो आणि आधीच सुजलेलं फुप्फुस तळातून मिटत जातं. मणक्याच्या पोकळीत एपिड्युरल नळी घालायची तर एनॉक्सापॅरिनच्या वेळा पाळाव्या लागतात, म्हणून पाठीच्या इरेक्टर स्पायनी या स्नायूखाली बारीक नळी (कॅथेटर) ठेवून बरगड्यांना सतत भूल दिली. त्यानंतरच तो छाती आणि कमरेखाली उशा घेऊन दोन-दोन तास पालथा झोपू शकला. प्रत्येक वेळी छातीतल्या नळीला पीळ पडला नाही ना, हे पाहिलं. हाय-फ्लो (नाकातून जोरदार प्रवाहाचा) ऑक्सिजन चालू असेपर्यंत ती नळी काढली नाही. फुप्फुस पुन्हा फुटलं आणि हवेला वाट नसली, तर दाब साचून मिनिटांत जीव जातो.

राहिला प्रश्न रॉडचा. लॅन्सेटमध्ये २०२० साली आलेल्या २४ देशांच्या अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या आगेमागे संसर्ग झालेल्या ११२८ रुग्णांपैकी ५१.२ टक्क्यांना फुप्फुसाचे उपद्रव झाले आणि २३.८ टक्के ३० दिवसांत दगावले. ठरवून करायची शस्त्रक्रिया संसर्गानंतर ७ आठवडे लांबवावी, असा सल्ला पुढे आला. मोडलेली मांडी तेवढं थांबत नाही आणि फिक्सेटर दोन आठवड्यांपलीकडे ठेवला तर पिनांमधला जंतुसंसर्ग रॉडपर्यंत पोचायचा धोका वाढतो. ऑक्सिजन २ लिटरवर आला आणि सीआरपी सलग खाली जात राहिला, तेव्हा बाराव्या दिवशी रॉड घातला. एनॉक्सापॅरिनच्या शेवटच्या डोसनंतर १२ तास सोडून पुन्हा पाठीतूनच भूल, आणि रीमिंग कमीत कमी.

घरी जाताना एनॉक्सापॅरिन आणखी ४ आठवडे आणि श्वासाचे व्यायाम लिहून दिले. नातेवाइकांना दोन गोष्टी बजावल्या: पोटरी किंवा मांडी अचानक सुजली, किंवा दम नव्याने लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच आणायचं.