‘अर्ध्या तासाचं काम’ म्हणे! फाफ्सापासून पेलपर्यंतची खरी वाट

फाफ्सा म्हणजे अमेरिकेत कॉलेजसाठी सरकारी मदत मागायचा अर्ज. त्याबद्दल जो तो एकच सांगतो: अर्ध्या तासात होतं. समुपदेशक सांगतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी भरून बसलेले सांगतात. फॉर्म खरंच तासाभरात होतो, त्यात खोटं काही नाही. पण फॉर्म म्हणजे घाटाचा पायथा. पैसे, म्हणजे केंद्र सरकारचं पेल नावाचं अनुदान, मिळतात ते घाट चढून पलीकडे उतरल्यावर, आणि त्या चढणीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

हा वृत्तांत कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजच्या) वाटेचा, वर्ष २०२६-२७. फॉर्मला २०२४चं उत्पन्न लागतं. त्या वर्षाचं टॅक्स रिटर्न, सगळ्यांची सोशल सिक्युरिटी कार्डं आणि असल्यास ग्रीनकार्ड हाताशी आहे असं धरलंय. नसेल तर आधी ते गोळा करा, मग पुढचं वाचा.

निघण्याआधी एक कटू गोष्ट. विद्यार्थी एच-४वर (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असेल तर केंद्र सरकारची मदत मिळत नाही. आय-४८५ (ग्रीनकार्डचा अर्ज) प्रलंबित असो, ईएडी (कामाचा परवाना) हातात असो, उत्तर तेच: ग्रीनकार्ड प्रत्यक्ष मिळेपर्यंत नाही. ‘भरून तर बघू’ म्हणून संध्याकाळ घालवू नका. एच-४वाल्यांचा खरा फायदा दुसरीकडे आहे: टर्म सुरू होण्याआधी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचं कागदांवर सिद्ध केलं, तर रहिवासी दरानं, म्हणजे युनिटला (कोर्सच्या एका क्रेडिटला) ४६ डॉलरनं फी लागते. बाहेरच्यांचा दर याच्या कित्येक पट असतो.

उलट चूक जास्त महाग पडते. मूल अमेरिकेत जन्मलेलं, आईवडील एच-१बी आणि एच-४वर, आणि घरात ठरलेलं की ‘आपल्याला कुठली मदत’. मूल नागरिक आहे. आईवडिलांचा व्हिसा पात्रतेत मोजतच नाहीत. भरा.

आता घाटातलं सगळ्यात वाईट वळण. ते फॉर्मच्याही आधी येतं: स्टुडंटएड डॉट गव्हवरचं खातं. विद्यार्थ्याचं एक आणि पालकाचं एक, अशी दोन वेगळी खाती लागतात. दोन्हींना ईमेल वेगळा, मोबाइल वेगळा. मुलानं आपल्याच ईमेलवर वडिलांचं खातं उघडलं की पुढे दोघांचीही गाडी अडते. पालकानं ‘विद्यार्थी’ म्हणून फॉर्म सुरू केला तर पालकाच्याच नावानं मदतीचा अर्ज तयार होतो. हे वाटतं त्यापेक्षा खूप जास्त घरांत घडतं.

खातं उघडताना नाव, जन्मतारीख आणि नंबर सोशल सिक्युरिटीच्या नोंदींशी ताडून पाहतात. मराठी नावं इथंच आपटतात. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. सोशल सिक्युरिटीचं कार्ड बनवताना खिडकीमागच्या माणसानं ते दुसरं नाव पहिल्याला जोडलं, मधलं नाव धरलं की गाळूनच टाकलं, हे कार्डाकडे बघून ओळखू येत नाही. लग्नाआधी कार्ड काढलेल्या बाईचं कार्डावर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं. पासपोर्टवर आडनावच नसलं तर कुठल्या तरी कागदावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन) चिकटलेलं. यातलं काहीही असलं तर खातं ‘माहिती जुळत नाही’ एवढंच सांगतं. काय जुळत नाही ते सांगत नाही.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण एकच आहे. पासपोर्टवरचं नाव नव्हे, कार्डावरचं नाव अक्षरशः टाका. तरी जुळलं नाही तर एकदा दुसऱ्या नावासकट आणि एकदा त्याशिवाय करून बघा, बस्स. दहा-दहा वेळा प्रयत्न करत बसू नका. सोशल सिक्युरिटी कार्यालयात एसएस-५ फॉर्म आणि पासपोर्ट घेऊन जा आणि नोंद दुरुस्त करून घ्या. ते फुकट होतं. लग्नानंतरचं नाव लावायचं तर विवाह प्रमाणपत्रही न्या. हे सगळं डिसेंबरात करा, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात नव्हे. आणि जन्मतारीख: इथे आधी महिना, मग दिवस. ५ जुलैचा जन्म ७ मे होऊन बसतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्या असतात.

आईकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल, फक्त आयटिन (नंबर नसलेल्यांचा कर-क्रमांक) असेल, तरी खातं उघडता येतं. पण त्या वाटेला जायची गरज बहुतेकांना नसतेच. आईवडिलांनी रिटर्न एकत्र भरलं असेल तर एकाच पालकाला फॉर्ममध्ये यावं लागतं. ज्याच्याकडे नंबर आहे त्याला पुढे करा, दुसऱ्याची फक्त माहिती भरा. रिटर्न वेगवेगळं भरलं असेल तर मात्र दोघांनाही खाती उघडावी लागतात, सुटका नाही.

मग संमती. आयआरएसकडून (अमेरिकेच्या करखात्याकडून) करमाहिती थेट मागवायला प्रत्येकानं ‘हो’ म्हणायचं असतं. ‘आमची माहिती त्यांना कशाला’ म्हणून नकार दिला की केंद्राची मदत शून्य, उत्पन्न कितीही कमी असलं तरी. ज्यांनी अमेरिकेत रिटर्न भरलेलंच नाही त्यांनाही हा ‘हो’ द्यावाच लागतो. विद्यार्थ्यानं आपला भाग संपवला आणि पालकानं सही केली नाही, तर फॉर्म गेलेला नसतो, नुसता लटकलेला असतो. स्थिती ‘इन प्रोग्रेस’ दिसतेय का, ते आठवड्यानं पुन्हा बघा.

मधले प्रश्न सोपे आहेत, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अपवाद मालमत्तेचा. राहतं घर धरत नाहीत, ४०१-के (निवृत्तीची बचत) धरत नाहीत. पुण्यातला भाड्यानं दिलेला किंवा बंद ठेवलेला फ्लॅट धरतात: आजची किंमत वजा कर्ज, डॉलरमध्ये. मुदतठेवी धरतात. सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव असेल तर ती जमीन तुमची नाही, लिहू नका. तुमचंही नाव चढलेलं असेल तर फक्त तुमचा हिस्सा.

एक बारकी गोष्ट. पालकांचं उत्पन्न ६०,००० डॉलरच्या आत असेल तर मालमत्तेचे प्रश्न बहुधा गळतात. पण रिटर्नला शेड्यूल बी (व्याज-लाभांशाचं परिशिष्ट) जोडलेलं असेल तर ही सवलत जाते. आणि भारतात बँकेचं खातं असलेल्याला शेड्यूल बीमध्ये ते सांगावं लागतं. म्हणजे गावच्या बँकेतल्या एका एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या) खात्यामुळे पूर्ण मालमत्तेचा तक्ता पुढ्यात येऊ शकतो. आला तर घाबरू नका, खरं ते भरा.

२०२४मध्ये तुम्ही अजून भारतातच होता आणि नंतर ग्रीनकार्डवर आलात, तर उत्पन्न हातानं भरायचं. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असतं. ज्या वर्षात २०२४चे जास्त महिने येतात ते घ्या, म्हणजे २०२४-२५. रुपयांचे डॉलर फॉर्म भरण्याच्या दिवसाच्या दरानं करा आणि तो दर कागदावर लिहून ठेवा, पुढे विचारतात. आयटीआर आणि फॉर्म १६ दोन्ही जपून ठेवा. आणि पुण्यातला पगार बघून मदत कमी बसली, पण इथे आता तेवढी कमाई नाही, तर कॉलेजच्या मदत कार्यालयाकडे ‘प्रोफेशनल जजमेंट’ची (बदललेली परिस्थिती बघून फेरविचार करण्याची) लेखी विनंती करा. फॉर्ममध्ये मागचं उत्पन्न कमी करून लिहिणं हा उपाय नव्हे.

फॉर्म गेला, आकडा आला, अभिनंदनाचे मेसेज झाले. इथेच लोक बूट काढून बसतात. खरी चढण आता सुरू होते.

सबमिशन समरीत (फॉर्मनंतर मिळणाऱ्या गोषवाऱ्यात) एसएआयच्या, म्हणजे मदत ज्यावरून ठरते त्या, आकड्याशेजारी चांदणी (*) दिसली तर तुमची पडताळणी निघाली. कॉलेज कागद मागतं आणि ते पोर्टलवर मागतं, विद्यार्थ्याच्या कॉलेज ईमेलवर कळवतं. हा ईमेल मुलं उघडत नाहीत. घरचा जीमेल बघून ‘काही आलं नाही’ म्हणतात. प्रवेश मिळाल्यापासून आठवड्यातून दोनदा पोर्टल उघडायची सवय लावा. कागद परत येण्याची कारणं ठरलेली: १०४०चं (टॅक्स रिटर्नच्या फॉर्मचं) पहिलंच पान पाठवलं, सॉफ्टवेअरमधून काढलेल्या प्रतीवर सहीच नाही (छापा, पेनानं सही करा, मग स्कॅन करा), फोटो तिरका आणि अंधारा. कुटुंबसंख्येत सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा धरू नका. कायम तुमच्याकडे राहत असतील आणि निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही करत असाल तर धरा. प्रत्येक दुरुस्तीला रांगेत पुन्हा मागे जावं लागतं.

खोट्या विद्यार्थ्यांच्या नावानं मदत उपटण्याचे प्रकार इथल्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये इतके झाले की जून २०२५मध्ये केंद्रीय शिक्षण खात्यानं पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांची ओळख प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर तपासायला सांगितलं. तुम्हाला बोलावलं तर चिडू नका, फोटो ओळखपत्र घेऊन पहिली मिळेल ती वेळ घ्या.

आणखी दोन खड्डे. प्रवेश अर्जात सोशल सिक्युरिटी नंबर देणं ऐच्छिक असतं म्हणून अनेक जण तो गाळतात. मग कॉलेजकडे आलेला फाफ्सा कुणाचा हेच त्यांना जुळवता येत नाही. दुसरा: ध्येयाच्या रकान्यात ‘ठरलेलं नाही’ किंवा ‘वैयक्तिक विकास’ निवडलं तर मदत मिळत नाही. पदवी, प्रमाणपत्र किंवा ट्रान्सफर (पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाणं) यांतलं काहीतरी निवडा, मग बदलता येतं. एकाच डिस्ट्रिक्टच्या दोन कॉलेजांत वर्ग घेत असाल तर पेल एकाच कॉलेजकडून मिळतं, पदवी जिथून घेणार त्याचा कोड टाका.

नावांचा घोळ तर डोकं उठवणारा आहे. ‘कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट’ म्हणजे उत्पन्नावर ठरणारी फीमाफी. ‘कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस’ म्हणजे पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी, अनेक कॉलेजांत उत्पन्न न बघता मिळणारी दोन वर्षांची फीमाफी. एका शब्दाचा फरक, गोष्टी दोन. दुसरीसाठीही फाफ्सा भरलेला लागतो, म्हणून चांगल्या पगारवाल्यांनीही भरावा. पुस्तकं, पार्किंग, आरोग्य फी यांत येत नाही.

आता पैसे. पेलची कमाल रक्कम वर्षाला ७,३९५ डॉलर. ती १२ युनिटला पूर्ण, ९ युनिटला ७५ टक्के, ७ युनिटला ५८ टक्के. कॅल ग्रँट बी (राज्याचं अनुदान) मिळालं तर वर एसएससीजी (पूर्णवेळ शिकणाऱ्यांना राज्याचं जादा अनुदान) येतं आणि तिथे खरी मेख आहे: सध्या १२ ते १४ युनिटला सेमिस्टरला १,२९८ डॉलर, १५ युनिटला ४,०००. तीन युनिटच्या एका कोर्सवर वर्षाला ५,४०४ डॉलरचा फरक! पेलवेल तर १५ घ्याच. पेलणार नसेल तर मुळीच घेऊ नका, कारण नापास झालं की पुढचं सगळं धोक्यात. कॅल ग्रँटची पहिली मुदत २ मार्च, कम्युनिटी कॉलेजवाल्यांना दुसरी २ सप्टेंबर. दुसरीच्या भरवशावर राहू नका.

आणि वाटेतले टोल. फाफ्सामधला पहिला ‘एफ’ म्हणजे ‘फ्री’. तो भरून द्यायला पैसे मागणारी कुठलीही साइट, कुठलाही सल्लागार, अगदी ओळखीतल्या काकांनी सुचवलेला असला तरी, नको. तो तुमच्यासाठी नाव जुळवून देऊ शकत नाही, पडताळणी टाळू शकत नाही. वर पासवर्ड त्याच्याकडे राहतो. कॉलेजचं मदत कार्यालय हेच काम फुकट करतं. एप्रिलनंतर तिथे रांगा लागतात, म्हणून जानेवारीत जा.

पैसे खात्यात आल्यावर शेवटचा घसरडा उतार. टर्मचा ६० टक्के काळ पूर्ण होण्याआधी सगळे वर्ग सोडले तर पेलचा काही भाग परत द्यावा लागतो. एखादाच वर्ग सोडला तरी घेतलेल्या युनिटपैकी ६७ टक्के पूर्ण झाले पाहिजेत आणि जीपीए २.० खाली जाता कामा नये, नाहीतर पुढच्या टर्मची मदत थांबते. वर्ग सोडायचाच असेल तर कॉलेजच्या सेन्सस तारखेच्या (वर्गातले विद्यार्थी मोजण्याच्या दिवसाच्या) आधी सोडा. ती तारीख वर्ग सुरू झाल्यावर दोन-चार आठवड्यांत येते, प्रत्येक वर्गाची वेगळी असू शकते आणि वेळापत्रकात बारीक अक्षरात असते. नोंदणीच्या दिवशीच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.