करंगळीच्या वाट्याचा ज

गेली अकरा वर्षं मी दोन बोटांवर संसार चालवतो आहे. एक डावी तर्जनी, एक उजवी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं सेतू केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, कोणाचं आधार बँकेला जोडायचं, कोणाचं नाव दुरुस्त करायचं, सगळं या दोघींच्या जिवावर. बाकीची आठ बोटं बांधावर बसून असतात.

यंदा अर्धवट सुटलेल्या बी.ए.ला पुन्हा नाव घातलं, तेव्हा कौशल्याचे दोन क्रेडिट घ्यावे लागतात असं कळलं. यादीत टायपिंग दिसलं. म्हटलं, हे तर आपलंच वावर. कोर्स ‘सेल्फ पेस्ड’. सर नाहीत, हजेरी नाही, संगणकावर धडे उघडायचे आणि आपापल्या चालीनं शिकायचं. आपापली चाल म्हटलं की दारव्ह्याकडच्या माणसाला शकुंतला आठवते. मूर्तिजापूर-यवतमाळची ती छोट्या रुळांची गाडी, १९९४ पर्यंत वाफेवर चालायची. तिला कोणी घाई करत नसे. पण तिला निदान वेळापत्रक होतं. माझ्या कोर्सला एकच तारीख, सेमिस्टरच्या शेवटची. म्हणून पहिले पाच आठवडे मी स्टेशनातच उभा होतो.

पहिल्याच धड्यात कळलं की एफ आणि जे या बटनांवर बारीक उंचवटे असतात. डोळ्यांनी न पाहता तर्जन्यांना घर सापडावं म्हणून. अकरा वर्षांत मला ते प्लॅस्टिकचं राहून गेलेलं काहीतरी वाटत होतं. एकदा तर नखानं खरवडायचाही प्रयत्न केला होता.

धड्याच्या आधी वेग मोजतात. पाच ठोके म्हणजे एक शब्द, असा हिशेब. दोन बोटांनी माझे मिनिटाला २६ शब्द भरले. मग हातांवर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा आडवा ठेवला, दहाही बोटं कामाला लावली, आणि भरले ७. आठ मजूर वाढवले आणि काम पाव झालं! त्यात अनामिका मधल्या बोटाला सोडून एकटी हलायलाच तयार नाही. एकीला उचललं की दुसरी मागं येते, यात्रेला निघाल्यासारखी.

लहानपणी एसटी स्टँडजवळच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या दारात मी उभा राहायचो. आतून पंधरा-वीस मशीनींचा खडखडाट, ओळ संपली की घंटी, आणि पोरंपोरी एका सुरात: ए एस डी एफ, सेमीकोलन एल के जे. ‘तीसची’ आणि ‘चाळीसची’ परीक्षा पास झालेल्याकडे लोक जावई म्हणून पाहायचे. लिपिकाच्या जागेला आजही मराठी ३० नाहीतर इंग्रजी ४० लागतातच. तिथली फी आम्हाला झेपणारी नव्हती. शिवाय सरांच्या हातात पट्टी असायची. मान खाली गेली की बोटांवर बसायची. आता पट्टी नाही. रात्री केंद्रात एकटा बसून मी पुठ्ठ्याखाली डोकावतो आणि मग आपणच आपल्याला पकडल्यासारखं होऊन इकडंतिकडं पाहतो.

एका धड्यात फ्रँक मॅकगुरिन नावाच्या अमेरिकन लघुलेखकाची गोष्ट होती. यानं बटनांच्या जागा पाठ केल्या होत्या. १८८८च्या जुलैत सिनसिनाटीला जाहीर स्पर्धा झाली आणि त्यानं मशीनकडे न पाहता समोरच्याला हरवलं. बटनांचा हा क्रम ठरून तेव्हा पुरती वीस वर्षंही झाली नसतील. मला हरलेल्या माणसाचं वाईट वाटलं. तो आमच्यातलाच असावा.

इंग्रजी कसंबसं १५ वर आलं आणि मराठीचा भाग उघडला. इन्स्क्रिप्ट, म्हणजे आपल्या लिप्यांसाठीची बटनांची मांडणी. आजवर मी मराठी इंग्रजी स्पेलिंगातून लिहायचो. ‘शेतकरी’ लिहिताना डोक्यात एस, एच, ई चालायचं. इथं मात्र मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क हवा तर के, आणि त्याच बटनाला शिफ्ट दिलं की ख. त पाशी थ, प पाशी फ. पहिलीच्या बाराखडीनं घर बांधायला घेतलं असतं तर असंच बांधलं असतं. इंग्रजी कीबोर्डचा क्रम मला अजून पटलेला नाही. हा पटला.

मधल्या ओळीतून बोट न हलवता लिहिता येणारे शब्द मी वहीत उतरवायला लागलो. परत, पत्र, पोपट. चोर आणि कपटही त्याच ओळीत निघाले. पेरतो हा शब्द तर अख्खा जागच्या जागी होतो. विकतो म्हटलं की व साठी खाली उतरावं लागतं. कापूस मात्र तिन्ही ओळी हिंडवतो: क मधे, काना वर, प मधे, ऊकार वर, स खाली. भाव पाहूनच जागा दिल्यासारख्या. आणि कर्ज. क, र, पाय मोडायचं बटन इथपर्यंत सगळं घरात. ज एकटा वरच्या ओळीच्या टोकाला. सगळ्यांत अशक्त बोटाच्या, करंगळीच्या वाट्याला.

हात एक घर सरकला की मजा होते. मी ‘परत’ लिहितो, स्क्रीनवर ‘रकच’ उमटतं.

एवढं शिकून आईला म्हटलं, तू कापूस वेचते तसंच आहे हे. बोलत असते, हात चालत असतो, बोटांना बोंड आपोआप सापडतं. वाटलं, खूश होईल. ती ओटी झटकत होती. म्हणाली, “न पाह्यता कोन वेचते रे? कवडी येते, पत्ती येते, मंग व्यापारी भाव पाडते. डोये काय झाकून ठेवाले देल्ले देवानं?”

हे मी वहीत लिहिलं नाही.

खरी अडचण दिवसा. कोर्स माझ्या चालीचा, पण केंद्रातली रांग तिच्या चालीची. विम्याची तारीख जवळ आली की दहा बोटांचा हट्ट धरता येत नाही. दोन्ही तर्जन्या धावून येतात आणि रात्री कमावलेलं दुपारपर्यंत पुसून टाकतात. म्हणून ठरवलं, गर्दी नसली की एखादा अर्ज तरी दहा बोटांनी करायचा.

परवा दुपारी एक आजी श्रावणबाळच्या अर्जासाठी आल्या. केंद्रात दुसरं कोणी नव्हतं. आधार कार्ड डावीकडं ठेवलं, तर्जन्यांनी उंचवटे चाचपले आणि सुरू झालो. कार्डावर एक नजर, मग समोर. आजींच्या कपाळावर हिरवं गोंदण आहे, तीन ठिपक्यांचं. वर्षाला दोनदा तरी येतात त्या. मी आजवर ते पाहिलं नव्हतं.

आजी जराशा चुळबुळल्या. मग म्हणाल्या, “बापू, माह्याकडं काय पाह्यतं? फारम भर ना माहा.”

“भरूनच रायलो, आजी.”

त्यांचा विश्वास बसला नाही. उठून, टेबलाला वळसा घालून त्या माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. मीही मग स्क्रीनकडं पाहिलं. नाव बरोबर होतं. आडनाव बरोबर होतं. गाव तेवढं एक घर उजवीकडं सरकलं होतं.